सेलची मागची बाजू

"काय जमवतोस म्हणालास? सेल? घड्याळाचे?"

हा प्रश्न मला आतापर्यंत निदान दहा जणांनी विचारला असेल. आईला तर पहिल्यांदा वाटलं की कुठेतरी साड्यांचा सेल लागलाय आणि मी तिला ती बातमी द्यायला आलोय. तिचा चेहरा आधी खुलला आणि मग, मी एक प्लॅस्टिकचा कागद तिच्यासमोर धरल्यावर, पडला. "हे? याचे पैसे दिलेस?"

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी या सदरात आपण जुन्या कॅसेटींमधली गाणी कॉम्प्युटरवर कशी उतरवायची ते पाहिलं होतं. त्यानंतर काहीजणांनी विचारलं, तुझा स्वतःचा छंद कोणता? तर हाच. मी हातानं रंगवलेले कार्टूनचे मूळ सेल जमवतो. जमवतो म्हणणंही जरा जास्तच होईल, कारण माझ्याकडे सगळे मिळून चार आहेत. आज त्यातल्या पहिल्या सेलची गोष्ट सांगतो. त्यात माझा एक मूर्खपणा आहे, तोही सांगतो, म्हणजे तुमच्यापैकी कोणी करणार असेल तर वाचेल.

आधी सेल म्हणजे काय ते. कॉम्प्युटर येण्याआधी कार्टून फिल्म बनायची ती अशी. चित्रकार कागदावर पेन्सिलीनं पात्राची एकेक हालचाल काढायचा. त्या कागदावर पारदर्शक शीट ठेवून रेषा शाईनं गिरवायच्या. मग शीट उलटी करायची आणि मागच्या बाजूनं रंग भरायचा. रंग मागून भरल्यामुळे पुढून रेषा स्वच्छ दिसते आणि रंग तिच्या आत बसल्यासारखा वाटतो. ही शीट मग रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायची, वरून कॅमेऱ्यानं एक फोटो काढायचा, शीट उचलायची, पुढची ठेवायची. शीट सरकू नये म्हणून तिच्या कडेला ठरावीक भोकं असतात, ती टेबलावरच्या खुंट्यांत बसतात. शीट आधी सेल्युलॉइडची असायची म्हणून नाव पडलं 'सेल'.

फिल्ममध्ये सेकंदाला २४ चौकटी लागतात. बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मिनिटाला ७२०. तेही पडद्यावर एकच पात्र असेल तर. दोन पात्रं वेगवेगळ्या थरांवर असतील तर हिशोब दुप्पट. म्हणजे माझ्या हातातला जो सेल आहे तो पडद्यावर सेकंदाचा जेमतेम बारावा भाग दिसलेला असणार. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता माझ्या पहिल्या सेलकडे येतो. माझ्या वयाच्या वाचकांना रविवारची सकाळ आठवत असेल. दूरदर्शनवर १९९३ मध्ये 'जंगल बुक' सुरू झालं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाजांनी संगीत दिलेलं ते गाणं लागलं की वाड्यातली सगळी पोरं आमच्या टीव्हीसमोर. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता. आजी म्हणायची, "हा वाघ आपल्यातला वाटतो." ती मालिका जपानी आहे हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओनं ती केली, १९८९ मध्ये ती जपानमध्ये लागली, एकूण ५२ भाग. एका इंग्रजाची गोष्ट, जंगल आपल्या मध्य प्रदेशातलं, चित्रं जपानची आणि ती बघणारे आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले!

चार वर्षांपूर्वी एका रात्री ऑफिसचं काम लांबलं होतं. सर्व्हरवर काहीतरी चढवायला लावलं होतं आणि मी वाट बघत बसलो होतो. सहज मोगलीबद्दल शोधत गेलो आणि एका जपानी लिलावाच्या यादीत मोगलीचा सेल दिसला. मूळ सेल, मालिका बनवताना वापरलेला. मला खरं सांगायचं तर धक्काच बसला. लहानपणी पाहिलेल्या त्या हलत्या चित्रातला एक तुकडा अजून या जगात एक वस्तू म्हणून शिल्लक आहे आणि तो विकत मिळतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिकडे हा छंद मोठा आहे. तोक्योत नाकानो ब्रॉडवे नावाची एक जुनी बाजार-इमारत आहे, तिथल्या मांदाराकेसारख्या दुकानांत सेल विकायला असतात. मी एका एजंटमार्फत बोली लावली. बारा हजार येनला मिळाला. एजंटचं कमिशन, टपाल आणि कस्टम धरून साधारण दहा हजार रुपये झाले. बायकोला मी पाच सांगितले. (हे ती वाचेल. वाचू दे.)

पाकीट आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक पिशवी, पिशवीत सेल आणि त्याच्या मागे पेन्सिलीचं मूळ रेखाटन. जपानी लोक त्या रेखाटनाला 'दोगा' म्हणतात. मोगली कमरेपासून वर, डावीकडे बघतोय, तोंड अर्धं उघडं. काहीतरी बोलायला लागलाय किंवा बोलून संपवतोय. कोपऱ्यात लिहिलं होतं 'बी ७'. म्हणजे बी थरातलं सातवं चित्र. पार्श्वभूमी नव्हती, ती क्वचितच मिळते, कारण शेकडो सेलमागे पार्श्वभूमी एकच असायची.

मी खूश झालो आणि लगेच मूर्खपणा केला. दुसऱ्याच दिवशी जवळच्या फ्रेमवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, एकदम टाइट करून देतो. काच, काचेला चिकटून सेल, सेलच्या मागे दोगा आणि मागून पुठ्ठा खिळ्यांनी ठोकलेला. त्याची काही चूक नाही, त्यानं फोटो बसवतात तसा बसवला. मी ती फ्रेम हॉलमध्ये गॅलरीसमोरच्या भिंतीवर लावली. रोज संध्याकाळी त्यावर ऊन यायचं. काय छान दिसायचं!

बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४३-४४ वर. आणि मग पाऊस. ऑगस्टमध्ये माझ्या लक्षात आलं की मोगलीच्या खांद्यावर एक सुरकुती आलीय. फ्रेम उघडली. सेल लाटेसारखा वाकला होता आणि मागचा रंग दोगाच्या कागदाला चिकटला होता. त्या वेळी मी फ्रेम बंद करून कोणाला तरी विचारायला हवं होतं. पण माझा स्वभाव इंजिनिअरचा. अडकलंय ना, मग सोडवा. मी एका कोपऱ्यापासून हळूहळू कागद सोडवत गेलो. अर्ध्याहून अधिक सुटला आणि मग एक बारीकसा आवाज आला, वाळलेलं पान चुरगळल्यासारखा. मोगलीच्या खांद्यावरचा चिंचोक्याएवढा रंग निघून कागदावर आला.

पुढून पाहिलं तर खांद्याची रेषा जशीच्या तशी होती. रेषा पुढच्या बाजूला असते ना. आत फक्त एक भोक, ज्यातून पलीकडचं दिसत होतं. मला रात्रभर झोप आली नाही. तीस वर्षं जी गोष्ट जपानमध्ये कोणाच्या तरी कपाटात नीट राहिली होती, ती मी एका पावसाळ्यात बिघडवली.

त्यानंतर मी वाचायला लागलो. खरं तर विकत घेण्याआधी वाचायला हवं होतं.

सेलची कल्पना अर्ल हर्ड नावाच्या अमेरिकन माणसाची, १९१४ च्या सुमाराची. त्याआधी प्रत्येक चौकटीसाठी पार्श्वभूमीसकट सगळं चित्र पुन्हा काढावं लागायचं. सेलमुळे झाड एकदाच काढायचं आणि त्याच्यासमोर फक्त माणूस हलवायचा. सुरुवातीचे सेल सेल्युलोज नायट्रेटचे, जे सहज पेट घेतं. पुढे ॲसिटेट आलं. ते पेटत नाही, पण त्याचं दुखणं वेगळं. उष्णता आणि दमट हवा मिळाली की ॲसिटेट हळूहळू तुटतं आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, बाहेर पडतं. सेलला व्हिनेगरचा वास यायला लागला की समजायचं, सुरुवात झाली. ते आम्ल बंद डब्यात कोंडलं तर तुटण्याचा वेग आणखी वाढतो, आणि शेजारच्या सेललाही लागण होते. शीट आक्रसते, वाकते, आणि मागचा रंग तिच्याबरोबर आक्रसत नाही म्हणून सुटतो. माझ्या हॉलमध्ये नेमकं हेच चाललं होतं, फक्त मी गॅलरीतलं ऊन देऊन त्याला घाई केली होती.

गंमत म्हणजे हे सेल टिकावेत अशी मुळात कोणाचीच इच्छा नव्हती. फोटो काढून झाला की सेलचं काम संपलं. स्टुडिओत ते धुऊन पुन्हा वापरायचे, नाहीतर फेकायचे. डिस्नीच्या 'स्नो व्हाइट'नंतर, १९३८ पासून, सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्वाझिए गॅलरीनं सेल चित्रासारखे माउंट करून विकायला सुरुवात केली. १९५५ मध्ये डिस्नीलँड उघडल्यावर तिथल्या दुकानात काही डॉलरना सेल मिळायचे. लोक आठवण म्हणून घ्यायचे आणि पोरांच्या खोलीत लावायचे. त्यातल्या काहींची किंमत आज लिलावात ऐकवत नाही.

रंग भरणारे कोण होते, हेही वाचलं. डिस्नीत 'इंक अँड पेंट' हा विभाग जवळजवळ पूर्ण बायकांचा होता. १९३८ मधलं एक पत्र आजही उपलब्ध आहे. ॲनिमेशन शिकायचं म्हणून अर्ज केलेल्या एका मुलीला स्टुडिओनं कळवलं होतं की ते काम तरुण मुलगे करतात, मुलींसाठी शाई आणि रंगाचं काम आहे. 'स्नो व्हाइट'च्या नामावळीत त्या रंगवणाऱ्यांची नावं नाहीत.

मग यंत्रं आली. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स'मध्ये पेन्सिलीची रेषा झेरॉक्सच्या तंत्रानं थेट सेलवर उतरवली, म्हणजे शाईनं गिरवणं संपलं. रंग मात्र हातानंच. माझ्या मोगलीच्या वेळीही जपानमध्ये रेषा यंत्र उतरवत होतं आणि रंग माणूस भरत होता. डिस्नीनं १९९० च्या 'द रेस्क्युअर्स डाउन अंडर'मध्ये तेही काम कॉम्प्युटरला दिलं. जपानमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी बहुतेक स्टुडिओ कॉम्प्युटरवर गेले. 'साझाए-सान' ही एक घरगुती मालिका तेवढी हट्टानं सेलवर राहिली, तीही २०१३ पर्यंत. आपण पेंट प्रोग्रॅममध्ये ती ओतणारी बादली निवडून एक क्लिक करतो ना? तेच ते काम. कॉलेजात मी तो प्रोग्रॅम वीस ओळींत लिहिला होता आणि सबमिशनला पूर्ण मार्क मिळवले होते. त्या वीस ओळींनी कोणाचा रोजगार गेला, हा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता.

तो मनात आला मावशीमुळे.

माझी मावशी लग्नाआधी गिरगावात राहायची, हे मला माहीत होतं. ती "कुठेतरी ड्रॉइंगचं काम करायची" एवढंही ऐकलं होतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत तिला चांगली श्रेणी होती, हे आजी अभिमानानं सांगायची. गणपतीत ती आमच्याकडे आली. सेल तेव्हा एका मोठ्या फाइलमध्ये आडवा ठेवला होता. मी आपला दुःखी चेहरा करून तिला दाखवला. तिनं काय करावं? पदराला हात पुसले, सेल दोन बाजूंच्या कडांनी उचलला आणि पहिल्यांदा उलटा केला.

आजवर ज्यांना ज्यांना मी तो दाखवला, त्या सगळ्यांनी पुढून पाहिला होता. ही मागून बघत होती.

"चांगला हात आहे," ती म्हणाली. "घाईत भरलंय, पण रेषेबाहेर कुठे गेलेली नाही. बघ, इथे केसांत थोडा रंग पातळ पडलाय. हा दिवस संपताना भरलेला असणार."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "मावशी, तुला कसं माहीत?"

"अरे, पाच वर्षं हेच केलं की मी!"

१९८३ ते १९८८, मुंबईतल्या एका छोट्या स्टुडिओत. टीव्ही नुकताच रंगीत झाला होता, जाहिरातींचं काम भरपूर यायचं. साबण, बिस्किटं, दंतमंजन. एका लांब टेबलावर सात-आठ मुली. हातात पांढरे सुती मोजे, ब्रश धरायच्या बोटांची टोकं कापलेली, म्हणजे घामाचे डाग पडायला नकोत. रंगाच्या बरण्यांवर नंबर. ब्रशनं रंग फासायचा नाही, थेंब ठेवायचा आणि तो ढकलत ढकलत रेषेपर्यंत न्यायचा, नाहीतर ब्रशच्या रेघा पुढून दिसतात. आधी बारीक जागा, डोळ्यातला पांढरा ठिपका, दात, बटण, मग मोठ्या. "आपल्या जुन्या वाड्यांत काचेवर मागून रंगवलेली चित्रं असायची ना, तसंच. सगळ्यात वरचं सगळ्यात आधी." आणि एक गोष्ट तिनं सांगितली ती मी तोवर कुठेच वाचली नव्हती. सेल कितीही पारदर्शक म्हटला तरी थोडा रंग खातोच. दोन-तीन सेल एकावर एक ठेवायचे असतील तर खालच्या सेलवरचा रंग मंद दिसतो. म्हणून तोच सदरा खालच्या थरावर असेल तर किंचित उजळ बरणीतून भरायचा. "नाहीतर माणूस पुढे आला की त्याच्या सदऱ्याचा रंग बदलायचा!"

पगार नव्हता, नगावर पैसे. काम झालं की सेल कुठे जायचे? "धुवायचो. शीट महाग. मोरीत टबात भिजवून, रंग काढून, पुसून पुन्हा. आपण भरलेलं आपणच धुवायचो." ती हसली. मला हसू आलं नाही.

तिच्याकडे तिनं रंगवलेला एकही सेल नाही. एक फोटोसुद्धा नाही. त्या जाहिराती कुठे बघायला मिळतील म्हणून मी दोन महिने शोधलं. एक सापडली असं वाटलं, तिला दाखवली. तिनं दोनदा पाहिली आणि म्हणाली, "असेलही. अशा खूप होत्या."

आपल्याकडे या कामाचा इतिहास नाही असं नाही. १९५६ मध्ये डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांचा जन्मच हिंदुस्थानातला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांना आज भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणतात. विजया मुळे यांची १९७४ ची 'एक अनेक और एकता' ही फिल्म, जिची चित्रं भीमसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, ती तर आपल्या आईवडिलांच्या पिढीला पाठ आहे. यूगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांनी मिळून केलेल्या 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा'साठी सुमारे एक लाख सेल लागले असं म्हणतात. ती १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवली गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत ती आपल्या थिएटरांत पुन्हा लागली तेव्हा मी लेकीला घेऊन गेलो होतो. या सगळ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, असायलाच हवीत. पण एक लाख सेल म्हणजे एक लाख वेळा कोणीतरी शीट उलटी करून, खाली मान घालून, रेषेपर्यंत रंग ढकलला.

आता खांद्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. मावशीचा हात अजून स्थिर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय. मी विचारलं, तू भरशील?

तिनं बराच वेळ खांदा पाहिला. "रंग मला जुळवता येईल. दोन तासांचं काम. कोणाला कळणारही नाही." मग थांबून म्हणाली, "पण मग तो खांदा माझा होईल, तिचा नाही राहणार."

तिचा म्हणजे कोणाचा? आम्हाला कोणालाच माहीत नाही. बाई होती की पुरुष हेही नाही, पण मावशीनं एकदाही 'त्याचा' म्हटलं नाही. ती तोक्योत असेल, किंवा कोरियात, कारण जपानी स्टुडिओ रंगाचं बरंच काम तिकडे पाठवत. १९८९-९० मधल्या एका संध्याकाळी, दिवस संपताना, तिनं मोगलीचे केस जरा पातळ भरले. एवढंच आम्हाला तिच्याबद्दल ठाऊक आहे.

मी म्हटलं, राहू दे मग. मावशी म्हणाली, "मलाही तेच वाटतं." निघालेला रंगाचा तुकडा कागदासकट एका पाकिटात जपून ठेवलाय. सुटलेला रंग नियंत्रित दमटपणा देऊन पुन्हा बसवता येतो, यावर लॉस एंजेलिसच्या गेटी संवर्धन संस्थेनं डिस्नीच्या सेलवर काम केलंय. ते आपल्या स्वयंपाकघरात करायचं काम नाही. कधीतरी एखाद्या तज्ज्ञाकडे नेईन. तोवर मोगलीच्या खांद्याला भोक आहे आणि ते माझं आहे.

तुमच्यापैकी कोणाला हा छंद लागलाच तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी. पहिली, सुरुवात स्वस्तातल्या सेलनं करा. प्रसिद्ध पात्राचा चेहरा समोरून, डोळे उघडे असेल तर किंमत चढते. पाठमोरं पात्र किंवा गर्दीतला माणूस कमी पैशात मिळतो आणि रंगकाम तेवढंच खरं असतं. दुसरी, 'मूळ सेल' म्हणून छापील प्रती आणि विक्रीसाठी मुद्दाम केलेले सेलही विकले जातात. खुंट्यांची भोकं, कोपऱ्यातला नंबर आणि सोबत पेन्सिलीचं रेखाटन आहे का बघा. मागची बाजू बघायला मागा. हातानं भरलेला रंग जाड असतो, कडेला थोडा उंचवटा दिसतो, छपाई सपाट असते. विकणारा मागचा फोटो देत नसेल तर सोडून द्या. तिसरी, काचेला चिकटवून फ्रेम करू नका. काच आणि सेलमध्ये पुठ्ठ्याच्या चौकटीचं अंतर हवं, आणि ऊन येणारी भिंत नको. खरं तर आपल्या हवेत तो आडवा, कोरड्या खोलीत, आम्लरहित कागदात, हवा खेळती राहील असा ठेवणंच बरं. चौथी, दोगा सेलला चिकटला असेल तर चिकटलेला राहू द्या. माझ्यासारखं करू नका.

आणि एक विनंती. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतल्या आत्या, मावश्या, काका कधीकाळी मुंबई-पुण्याला छोट्या स्टुडिओंत, छापखान्यांत, पोस्टर रंगवणाऱ्यांकडे कामाला होते. एकदा विचारून बघा. मी छत्तीस वर्षांचा होईपर्यंत विचारलं नव्हतं.

या दिवाळीच्या सुट्टीत मावशी चार दिवस राहायला होती. रावपुऱ्यातून मी ओएचपीच्या शीट आणल्या, काळं मार्कर पेन आणि ॲक्रिलिक रंग. माझ्या सात वर्षांच्या लेकीनं कागदावर मांजर काढलं, शीट ठेवून ते गिरवलं. मावशीनं जुन्या मोज्याची बोटं कापली आणि तिला मागून रंग भरायला शिकवलं. आधी डोळ्यातला ठिपका. मग डोळा. मग मांजर. लेकीचा रंग दोन ठिकाणी रेषेबाहेर गेला, मावशीनं काडीनं तो खरवडून काढला आणि "स्टुडिओत हे माझ्या पैशातून कापलं असतं" म्हणून सांगितलं.

मांजर वाळल्यावर मी मावशीला पेन दिलं. म्हटलं, दोघींनी मिळून केलंय, खाली तुझंही नाव लिही.

तिनं पेन घेतलं, शीटचा उजवा कोपरा पुसला आणि बारीक अक्षरात लिहिलं : 'ए १'.

"सेलवर नाव नसतं रे," ती म्हणाली. "नंबर असतो. आता हिला म्हणावं, ए २ काढ, मांजर हलायला हवं."